दंतकथेतले प्राणी आणि रोख बक्षिसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हिममानव जिवंत आणून द्या आणि इतके पैसे घेऊन जा’ अशी बातमी अधूनमधून कुठून ना कुठून येतच असते. ती वाचल्यावर लोकांना पडणारे प्रश्नही साधारण तेच ते असतात. एकदाची सगळी उत्तरं एका जागी असावीत, म्हणून हे पान.

अशी बक्षिसं खरोखर जाहीर होतात, की नुसत्या वावड्या असतात?

होतात, आणि चांगली दीडशे वर्षं होत आली आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि व्हरमाँट यांच्या सीमेवर चॅम्प्लेन नावाचं सरोवर आहे. त्यात ‘चॅम्प’ नावाचा अजस्र साप राहतो म्हणतात. १८७३ मध्ये पी. टी. बार्नम या नामांकित खेळवाल्याने त्याच्या कातड्याला ५०,००० डॉलर बोलले. १९३३ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातला राक्षस, म्हणजे नेसी, वर्तमानपत्रांत गाजू लागला आणि बर्ट्राम मिल्स सर्कसने तो जिवंत आणणाऱ्याला २०,००० पौंड देऊ केले. २००९ मध्ये इस्राएलमधल्या किर्यात याम या समुद्रकाठच्या गावात जलपरी दिसल्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने पुराव्यासाठी दहा लाख डॉलर जाहीर केले.

देणारे कोण आहेत ते बघा. खेळवाला, सर्कस, नगरपालिका. पुढच्या उत्तरांत व्हिस्की कंपनी आणि टीव्ही वाहिनी यांचीही भर पडेल. प्राणिशास्त्रज्ञ या यादीत एकदाच येतो, आणि त्याची रक्कम सगळ्यांत लहान आहे. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे, कारण हे सगळं लिहिण्याचं खरं निमित्त तोच माणूस आहे.

पण यातून त्यांना मिळतं काय?

गर्दी. जपानमधला ‘त्सुचिनोको’ घ्या. हा दंतकथेतला आखूड साप. डोकं आणि शेपूट बारीक, मधलं पोट फुगलेलं, एखाद्या लाटण्यासारखं. तो उड्या मारतो, त्याला दारू आवडते, असं सांगतात. गिफू प्रांतातल्या हिगाशिशिराकावा या डोंगरातल्या लहानशा गावात १९८९ पासून मे महिन्यात त्याच्या शोधाची जत्रा भरते. लोक काठ्या आणि जाळी घेऊन गवत तुडवतात, खातात-पितात, घरी जातात. जिवंत त्सुचिनोकोसाठी सुरुवातीला दहा लाख येन होते, आणि दरवर्षी त्यात दहा हजारांची भर पडते.

त्सुचिनोको सापडला तर या गावाचं नुकसानच आहे. बक्षीस एकदा द्यावं लागेल हे सोडा, जत्राच संपेल. न सापडणारा प्राणी दरवर्षी पाहुणे आणतो. सापडलेला प्राणी एकदाच बातमी आणतो, आणि मग दूरच्या एखाद्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसतो.

समजा कुणी खरंच प्राणी आणला, तर जाहीर करणारा बुडणार नाही का?

मोठ्या रकमा बहुतेक वेळा देणाऱ्याच्या खिशातल्या नसतातच. त्यांचा विमा उतरवलेला असतो. आयोजक विमा कंपनीला थोडासा हप्ता देतो. प्राणी मिळाला तर बक्षीस विमा कंपनी देणार, नाही मिळाला तर हप्ता तिचा. गोल्फच्या स्पर्धेत एका फटक्यात चेंडू भोकात घालणाऱ्याला मोटार देतात, ती याच पद्धतीने.

याचं अस्सल उदाहरण १९७१ चं. कटी सार्क या व्हिस्कीवाल्यांनी नेसी जिवंत पकडणाऱ्याला दहा लाख पौंड जाहीर केले. मग त्यांच्या मनात धाकधूक सुरू झाली असावी, कारण ते लंडनच्या लॉइड्सच्या विमा बाजारात गेले आणि त्या दहा लाखांचा विमा उतरवून आले. पॉलिसीतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. प्राणी किमान वीस फूट लांब हवा. तो नेसीच आहे, हे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तज्ज्ञांनी मान्य करायला हवं. आणि पैसे द्यावेच लागले, तर राक्षस विमेकऱ्यांच्या मालकीचा होणार. ही शेवटची अट घालणाऱ्याला माझा मनापासून नमस्कार. गाडी चोरीला गेली, भरपाई दिली, मग गाडी सापडली तर ती विमा कंपनीची, हाच तो नियम. त्यांनी तो न हसता राक्षसाला लावला.

हप्ता किती ठेवायचा, हे धोका किती यावर ठरतं. दहा लाखांचं बक्षीस एखाद्या जाहिरातीच्या खर्चात बसत असेल, तर विमा कंपनीचं त्या प्राण्याबद्दलचं मत काय आहे ते वेगळं सांगायला नको. यती आहे की नाही यावर शंभर लेख वाचण्यापेक्षा हप्त्याची पावती बघावी.

आजवरचं सगळ्यांत मोठं बक्षीस कोणतं?

माझ्या माहितीत एक कोटी डॉलर. २०१४ मध्ये एका अमेरिकी वाहिनीने बिगफूटच्या पुराव्यासाठी ते ठेवलं होतं. बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलातला केसाळ, दोन पायांवर चालणारा वानरमानव. त्याला सॅस्क्वाचही म्हणतात. शोधकांच्या जोड्या, रात्रीचे कॅमेरे, डीएनए तपासणारे शास्त्रज्ञ असा सगळा थाट होता. रकमेमागे पुन्हा लॉइड्सच. एक कोटी कुणालाच मिळाले नाहीत. जिंकलेल्या जोडीला पुढच्या शोधासाठी एक लाख डॉलर मिळाले. जे सापडलं नाही त्याचंच आणखी संशोधन.

म्हणजे आजवर कुणालाच एक पैसाही मिळालेला नाही?

मिळालाय! आणि तो कसा मिळाला, हे ऐकण्यासारखं आहे.

आइसलँडच्या पूर्वेला लागारफ्लियोत नावाचं लांबट, गढूळ सरोवर आहे. त्यात एक प्रचंड अळीसारखा, सापासारखा प्राणी राहतो, अशी समजूत चौदाव्या शतकापासून लिहून ठेवलेली आहे. मूळ गोष्ट अशी: एका मुलीने सोनं वाढावं म्हणून त्याच्यावर एक बारीक अळी ठेवली. सोनं वाढायचं राहिलं, अळीच वाढत गेली. घाबरून तिने दोन्ही पाण्यात फेकून दिलं.

तिथल्या नगरपालिकेने या अळीच्या खऱ्या चित्रणासाठी पाच लाख आइसलँडिक क्रोनर ठेवले होते. २०१२ च्या फेब्रुवारीत एका शेतकऱ्याने बर्फाळ पाण्यात वळवळत प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या लांबलचक वस्तूचा व्हिडिओ काढला. जगभर लाखो लोकांनी तो पाहिला. फिनलंडच्या एका संशोधकाने चित्रण बारकाईने तपासून सांगितलं, की ही वस्तू पुढे सरकतच नाही. बर्फ चढलेलं जाळं किंवा कापड तळाशी अडकलंय आणि पाणी त्याला हलवतंय. इथे विषय संपायला हवा होता.

नगरपालिकेने मात्र तेरा जणांची सत्यशोधन समिती नेमली. समितीने वेळ घेतला, आणि २०१४ मध्ये सात विरुद्ध सहा मतांनी अळीच्या बाजूने कौल दिला. शेतकऱ्याला पैसे मिळाले.

दंतकथेतल्या प्राण्यासाठी बक्षीस दिलं गेल्याचं हे जवळजवळ एकमेव उदाहरण, आणि ते एका मताच्या फरकाने. त्या सातव्या सभासदाच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, याचं मला फार कुतूहल आहे. मला वाटतं, समितीने हिशेब नीट केला. पाच लाख क्रोनर ही काही जीव जाणारी रक्कम नव्हती. त्यात गावाला जगभरच्या बातम्या मिळाल्या, आणि अळी सरोवरातच राहिली.

‘पुरावा’ म्हणजे नेमकं काय? फोटो चालतो का?

बक्षिसाच्या अटींत फोटो चालेल असं लिहिलं असेल तर चालतो. शास्त्राला आता चालत नाही. याचं कारण बरंचसं लॉख नेसमध्येच सापडतं.

१९३३ च्या डिसेंबरात डेली मेल या वर्तमानपत्राने मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याला नेसीच्या शोधात पाठवलं. त्याला थोड्याच दिवसांत काठावर मोठाले ठसे सापडले. साचे लंडनच्या म्युझियमकडे गेले. तिथून उत्तर आलं, की हे पाणघोड्याचं पाऊल आहे, आणि सगळे ठसे एकाच पावलाचे आहेत. त्या काळी श्रीमंतांच्या घरी पाणघोड्याच्या पायाचं छत्र्या ठेवायचं भांडं असायचं. तसलंच काहीतरी चिखलात दाबलं गेलं होतं. वेदरेलची छी-थू झाली.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वर्तमानपत्रात नेसीचा तो जगप्रसिद्ध फोटो आला: पाण्यातून वर आलेली लांब मान, लहानसं डोकं. फोटो देणारा लंडनचा प्रतिष्ठित डॉक्टर, त्यामुळे ‘सर्जनचा फोटो’ असंच त्याचं नाव पडलं. साठ वर्षं लोकांनी त्यावर चर्चा केली. १९९४ मध्ये उलगडा जगासमोर आला. वेदरेलच्या सावत्र मुलाने मरण्यापूर्वी कबुली दिली होती, की ती खेळण्यातली पाणबुडी होती आणि तिच्यावर डोकं-मान बनवून चिकटवलेली होती. वेदरेलने आपल्या अपमानाचा असा वचपा काढला होता.

फोटोतल्या वस्तूचा आकार कळायला शेजारी ओळखीची वस्तू लागते. पाण्यावर ती नसते. त्या फोटोतल्या लाटा बारक्या होत्या, पण बघणाऱ्यांनी त्या मोठ्या धरल्या.

पावलांचे ठसे?

त्याहून कच्चे. बर्फातला ठसा उन्हाने वितळून पसरतो, आणि अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की एक लांबलचक ‘माणसाचं’ पाऊल तयार होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्याने हिमालयातल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे ३२ बाय १५ इंचांचे ठसे ‘यतीचे’ म्हणून प्रसिद्ध केले होते. ठसे एकाच पायाचे. ट्विटरवर त्यानंतर जी थट्टा झाली ती आठवत असेलच.

केस, हाड, कातडं मिळालं तर?

मग बोलता येईल, कारण डीएनए तपासता येतो. हाच डीएनए बक्षिसांच्या धंद्याला नडलाय.

नेपाळमधल्या खुमजुंगच्या मठात यतीची टाळू म्हणून एक टोकदार, केसाळ टोपीसारखी वस्तू जपलेली आहे. एडमंड हिलरी यांनी १९६० च्या मोहिमेत ती तपासायला परदेशी नेली. ती सेरो या हिमालयातल्या रानबकरीच्या जातीच्या जनावराच्या कातड्याची निघाली. पांगबोचेच्या मठातल्या ‘यतीच्या हाता’चं एक बोट १९५० च्या दशकाअखेर गुपचूप बाहेर गेलं. हॉलिवूडचे नट जेम्स स्टुअर्ट आणि त्यांच्या पत्नीच्या सामानातून ते लंडनला पोहोचलं, अशी त्याची कथा आहे. २०११ मध्ये त्याचा डीएनए तपासला. बोट माणसाचं निघालं. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून सांगितले जाणारे नऊ नमुने तपासले: हाड, दात, कातडं, केस, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

आता तर प्राणी हाती लागण्याचीही गरज उरली नाही. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव कातडीचे कण, विष्ठा, अंगावरचा चिकट स्राव असं काही ना काही मागे सोडतो. २०१८ मध्ये नील गेमेल यांच्या गटाने लॉख नेसच्या पाण्याचे सुमारे २५० नमुने घेतले. त्यांना सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए मिळाला नाही, वामचा मात्र जिकडेतिकडे मिळाला. नेसी म्हणजे एखादी भली मोठी वाम असू शकेल, एवढी फट गेमेल यांनी उघडी ठेवली. पर्यटनवाल्यांना तेवढी पुरली.

जिवंत पकडायचा, की मारून आणला तरी चालेल?

मारू नका. पूर्वी चालायचं, बार्नमला कातडंच हवं होतं. आता जवळपास सगळीकडे ‘जिवंत, इजा न करता’ ही अट असते, आणि काही ठिकाणी कायदाही आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कमेनिया परगण्याने १९६९ मध्ये सॅस्क्वाचला मारण्यावर बंदी घातली. शिक्षा १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. ठराव १ एप्रिलचा असल्यामुळे लोक हसले, पण हेतू साधा होता. बंदुका घेऊन जंगलात घुसणारे हौशी शिकारी केसाळ कोटातल्या एखाद्या गिर्यारोहकाला गोळी घालतील, अशी भीती होती. १९८४ मध्ये शिक्षा सौम्य केली, कायदा ठेवला. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या एका आमदाराने बिगफूटच्या शिकारीचा हंगाम ठरवावा असं विधेयक आणलं, तेव्हा त्यालाही खुलासा करावा लागला, की मारायचा नाही, पकडायचा. २५,००० डॉलरपासून बोलायला लागलेलं तिथलं बक्षीस काही महिन्यांत वीस लाखांच्या वर गेलं होतं.

नेपाळ सरकारचे १९५० च्या दशकातले नियम मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटतात. यतीच्या शोधमोहिमेसाठी पाच हजार भारतीय रुपये शुल्क. यतीचा फोटो काढा, जिवंत पकडा, पण स्वसंरक्षणाशिवाय मारू नका. फोटो आणि प्राणी, दोन्ही सरकारजमा. आणि बातमी आधी सरकारला द्यायची, मग वर्तमानपत्रांना. म्हणजे बक्षीस द्यायचं दूरच, शोधणाऱ्याकडूनच पैसे घ्यायचे! या सगळ्या व्यवहारात नक्की फायद्यात राहिलेला पक्ष बहुधा हाच.

स्वीडनमध्ये वेगळीच गंमत झाली. स्तुर्शन सरोवरातल्या राक्षसाला १८९४ मध्ये पकडायला राजाच्या पाठिंब्याने एक कंपनी निघाली होती. त्यासाठी बनवलेला सापळा संग्रहालयात आहे. १९८६ मध्ये त्याच राक्षसाला, त्याच्या पिल्लांना आणि घरट्याला संरक्षित प्राण्याचा दर्जा मिळाला. पुढे कुणीतरी त्याची अंडी शोधायची परवानगी मागितली, तेव्हा सरकारी यंत्रणेला प्रश्न पडला की आपण नेमकं कशाचं रक्षण करतोय. २००५ मध्ये संरक्षण काढून घेतलं.

शोधायला परवाना लागतो का?

जपानमधल्या तोनो गावात लागतो. तिथे ओढ्यात ‘काप्पा’ राहतो. मुलाएवढा, चोचीसारखं तोंड, डोक्यावर खोलगट बशी आणि बशीत पाणी. पाणी सांडलं की त्याची शक्ती जाते. तिथली पर्यटन संस्था काही शे येनमध्ये काप्पा पकडण्याचा परवाना देते. अटी मागच्या बाजूला: जिवंतच पकडावा, जखम होऊ नये, डोक्यावरचं पाणी सांडू नये, धातूची हत्यारं वापरू नयेत, आमिष ताज्या भाज्यांचं असावं. काकडी त्याची लाडकी. स्थानिक टीव्ही केंद्राने जिवंत काप्पासाठी एक कोटी येन ठेवले आहेत. माणसं परवाना घेतात, बांबूला काकडी बांधतात आणि ओढ्याकाठी बसतात. फसवणूक कुणाचीच होत नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या डग्लस गावात शिंगं असलेल्या सशाच्या, जॅकलोपच्या, शिकारीचा परवाना मिळतो. तो फक्त ३१ जूनला चालतो. शशशृंग हे आपल्याकडे ‘जे असूच शकत नाही’ त्याचं शास्त्रातलं उदाहरण, पण त्यातही एक मेख आहे. सशांच्या डोक्यावर शिंगांसारख्या कठीण गाठी खरोखर येतात. त्या एका विषाणूमुळे होतात, हे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवलं.

दंतकथेतला नाही, पण नामशेष झालेला प्राणी शोधायचं बक्षीस असतं का?

असतं, आणि ते वाचून हसू येत नाही. टास्मानियाच्या सरकारने १८८८ ते १९०९ या काळात थायलसीन, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा टास्मानियन वाघ, मारायला इनाम दिलं. मोठ्याला एक पौंड, पिल्लाला दहा शिलिंग. २,१८४ इनामं चुकती झाली. माहीत असलेला शेवटचा प्राणी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. त्याला कायद्याने संरक्षण मिळून जेमतेम दोन महिने झाले होते.

मग उलटी बोली सुरू झाली. १९८० च्या दशकात टेड टर्नर या अमेरिकी उद्योगपतीने तो जिवंत असल्याच्या पुराव्याला एक लाख डॉलर ठेवले. २००५ मध्ये ‘द बुलेटिन’ या ऑस्ट्रेलियन नियतकालिकाने जिवंत, धडधाकट प्राण्यासाठी साडेबारा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. परवान्याशिवाय वन्यप्राणी पकडायला कायद्याने बंदी, त्यामुळे बक्षीस घ्यायला येणारा आधी गुन्हेगार ठरण्याची शक्यता होती. तो प्रश्न उद्भवलाच नाही.

प्राणी खरा, फक्त आकार दंतकथेतला, असं काही?

तीस फुटांचा साप. थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून सुरू झालेलं हे बक्षीस वाढत वाढत ५०,००० डॉलरपर्यंत गेलं. साप जिवंत हवा, मोजून दाखवायला हवा. जाळीदार अजगर आणि अॅनाकोंडा तीस-चाळीस फुटांचे पाहिल्याचे किस्से ढिगाने आहेत, पण टेपपुढे एकही टिकला नाही. कातडी आणणाऱ्यांचा उपयोग नव्हता, कारण सोलताना सापाचं कातडं सहज ताणलं जातं. २००२ मध्ये बक्षीस मागे घेतलं. न दिलेलं बक्षीसही कधीकधी उत्तर देऊन जातं, त्यातलं हे. शंभर वर्षांत पन्नास हजार डॉलरसाठीही तो साप आला नाही.

आता तो शास्त्रज्ञ?

जे. एल. बी. स्मिथ, दक्षिण आफ्रिकेचे मत्स्यशास्त्रज्ञ. १९३८ च्या डिसेंबरात ईस्ट लंडन बंदरात मार्जरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुणीला मासेमारी बोटीवरच्या ढिगात एक निळसर, जाड खवल्यांचा, पायांसारखे पर असलेला मासा दिसला. तो सीलकँथ होता, डायनासोरांबरोबर संपला असं समजला गेलेला. स्मिथ यांच्या हाती येईपर्यंत त्याच्या आतलं सगळं सडून फेकलं गेलं होतं. त्यांना दुसरा हवा होता, अख्खा.

त्यांनी एक पत्रक छापलं. इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत मजकूर, मधे माशाचं चित्र. पहिल्या दोन माशांना प्रत्येकी शंभर पौंड. पैशांची हमी विद्यापीठाची आणि सरकारी संशोधन संस्थेची. खाली सूचना: कापू नका, साफ करू नका, अख्खा मासा लगेच शीतगृहात किंवा जबाबदार अधिकाऱ्याकडे न्या. हे पत्रक पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बंदरोबंदरी वाटलं गेलं.

चौदा वर्षं गेली. १९५२ च्या डिसेंबरात कोमोरोसमधल्या अंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला या कोळ्याच्या गळाला एक मासा लागला. बाजारात त्याची कापाकापी सुरू होणार, इतक्यात पत्रक पाहिलेल्या एका शिक्षकाने तो ओळखला. मासा बेटाच्या दुसऱ्या टोकाला एरिक हंट नावाच्या बोटवाल्या व्यापाऱ्याकडे पोहोचवला गेला. त्याने मीठ आणि फॉर्मॅलिन वापरून तो टिकवला आणि स्मिथना तार केली. स्मिथनी थेट पंतप्रधान मलान यांना फोन लावला आणि लष्करी विमान मिळवलं. मासा पाहून ते रडले, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. अब्दल्लाला शंभर पौंड मिळाले.

बेटावरच्या लोकांना हा मासा आधीपासून माहीत होता. ते त्याला गोंबेसा म्हणत. खायला बेचव, त्यामुळे त्याचं कौतुक नव्हतं. बक्षिसाने मासा निर्माण केला नाही, ज्यांना तो माहीत होता त्यांच्यापर्यंत फक्त निरोप पोहोचवला. दहा लाख पौंडांच्या जाहिरातींत नेसीचं गमतीदार चित्र असतं. शंभर पौंडांच्या पत्रकात खवले मोजता येतील असं चित्र होतं, कारण देणाऱ्याला पैसे द्यायचे होते.

जाहीर केलेलं बक्षीस दिलं नाही तर कोर्टात जाता येतं का?

इंग्लंडमधला एक जुना खटला आहे, कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल. आमचा धुराचा गोळा वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ, आणि हजार पौंड बँकेत ठेवलेत, अशी कंपनीची जाहिरात होती. एका बाईंना फ्लू झाला. ‘ती नुसती जाहिरात होती’ हा कंपनीचा बचाव कोर्टाने १८९२ मध्ये फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचं सांगितलंत, म्हणजे तुम्ही गंभीर होतात. उघडच थट्टा असेल तर मात्र दावा टिकत नाही. त्यामुळे पाहायचं ते रकमेकडे नाही. पैसे कुठे ठेवलेत, अटी लेखी आहेत का आणि निकाल कोण देणार, हे पाहायचं. निकाल देणारा आयोजक स्वतःच असेल, तर तुमचा आणि माझा वेळ वाचवा.

फसवणूक किती होते?

भरपूर, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात दोघांनी बिगफूटचं प्रेत सापडल्याचं जाहीर करून पत्रकार परिषद घेतली. प्रेत फ्रीजरमध्ये बर्फात गोठवलेलं. पैसे मोजून ते घेणाऱ्यांनी बर्फ वितळवला, तर आत रबरी पोशाख. १९०९ मध्ये फिलाडेल्फियात ‘जर्सी डेव्हिल’ या दंतकथेतल्या पंखवाल्या राक्षसाच्या नावाने तिकीट लावून दाखवलेला प्राणी रंगवलेला, पंख चिकटवलेला कांगारू होता. खरी दया त्याची येते.

मला खरंच काहीतरी दिसलंय. काय करू?

जागेवरच थांबा आणि शेजारी काठी, चप्पल, काहीही ओळखीचं ठेवून फोटो काढा. प्राण्याच्या मागे धावू नका. मूळ फाइल तशीच ठेवा, कापू नका, उजळू नका. मेसेजमधून पाठवली की तिची वेळ आणि जागेची माहिती निघून जाऊ शकते. जागा, वेळ, हवामान लिहून ठेवा. केस किंवा विष्ठा मिळाली तर उघड्या हाताने उचलू नका, नाहीतर अहवालात तुमचाच डीएनए येईल. हातमोजे घाला, स्वच्छ चिमटा वापरा, आणि नमुना कोरडा करून प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात ठेवा. ओलावा कोंडला की नमुना सडतो. मग बक्षीसवाल्याआधी एखाद्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा.

आणि सापडलेला प्राणी मेलेला असेल, तर स्मिथ यांच्या पत्रकातली सूचना आजही लागू आहे: कापू नका, साफ करू नका, अख्खा थंड जागी ठेवा.